कुष्ठी व मधुमेही यांचे व्रण : गिरडच्या टेकडीच्या निमित्तानें

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील तेविसाव्या अध्यायांत एक लहानसें वचन आहे. कोणाचे व्रण कष्टानें बरे होतात हें सांगतांना ग्रंथकार कुष्ठी, विषानें बाधलेले, शोषानें झिजलेले आणि मधुमेही अशीं चार नांवें एका श्लोकार्धांत घेतो व ज्यांच्या व्रणांत पुन्हा व्रण उठतात त्यांची पुढें भर घालतो. हें वचन आम्हीं प्रथम वाचलें त्यास चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. त्या वेळीं कुष्ठी आणि मधुमेही यांची सांगड केवळ छंदाच्या सोयीनें पडली असावी असें आम्हांस वाटलें, व पुढें शाळेंत अनुष्टुभ् शिकवितांना वृत्तासाठीं कवि शब्द कसे जुळवितो याचें उदाहरण म्हणून आम्ही तें मुलांस सांगतही असूं. तें मत आज आम्ही मागें घेत आहों. कां, तें सांगण्यासाठीं हा लेख.

प्रथम संहितेच्या पाठाविषयीं दोन शब्द. छापील सुश्रुताचा आरंभ कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं १८३५–३६ सालीं काढलेल्या प्रतीनें झाला. आपल्याकडे जी प्रत घरोघर दिसते ती यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली व मुंबईच्या निर्णयसागरानें १९१५ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेली, डल्हणाच्या निबंधसंग्रहासह. हस्तलिखितांपैकीं जुन्यांत जुनें म्हणून मान्य झालेलें ताडपत्र नेपाळांत कैसर ग्रंथालयांत आहे. त्याचा काळ इ. स. ८७८ असा त्यावरच नोंदलेल्या संवतावरून निघतो. युनेस्कोनें २०१३ सालीं त्यास जागतिक स्मृतीच्या नोंदवहींत स्थान दिलें. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस याचें महत्त्व सांगावयास नको.

आतां मूळ विषय. कुष्ठ आणि मधुमेह हे शब्द प्राचीनांनीं ज्या अर्थानें योजिले तो आजच्या रोगनामांशीं तंतोतंत जुळत नाहीं, हें आधींच सांगून ठेवणें बरें. कुष्ठांत त्यांनीं सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें अशीं अठरा धरलीं. त्यांत आज ज्यांस आपण गजकर्ण किंवा इसब म्हणूं असे साधे त्वग्रोगही आले. परंतु महारोग त्यांत नाहीं असें मात्र नव्हे. निदानस्थानाच्या पांचव्या अध्यायांत कुष्ठ धातूंत खोल शिरत गेलें म्हणजे काय होतें तें क्रमानें दिलें आहे. आधीं त्वचेची स्पर्शहानि, मग हात लुळे पडणें, चालण्याची शक्ति जाणें, क्षतें पसरत जाणें आणि अखेरीस नाक बसणें. हें वर्णन वाचून रोग ओळखू येणार नाहीं असा मनुष्य वर्धा जिल्ह्यांत तरी मिळावयाचा नाहीं. मधुमेहाचेंही तसेंच. सुश्रुताच्या मतें कोणताही प्रमेह उपेक्षिला तर शेवटीं मधुमेहाच्या रूपास पोंचतो. चरकानें निदानस्थानाच्या चौथ्या अध्यायांत प्रमेहाचीं पूर्वरूपें दिलीं आहेत. त्यांत तोंडास गोडी येणें, तहान, मूत्राकडे मुंग्या धांवणें हीं सर्वांस ठाऊक असलेलीं लक्षणें आहेतच, पण त्यांच्याच शेजारीं हातापायांची ‘सुप्तता’ आणि दाह हीं दोन बसलीं आहेत. सुप्तता म्हणजे बधिरपणा. शब्द लहान आहे व यादींत तो दडून जातो. आमच्या डोळ्यांखालून तो निदान वीस वेळां गेला असेल.

तो शब्द आम्हांस कसा दिसला ही हकीगत सांगणें आम्हांस संकोचाचें वाटतें. संशोधनाच्या त्रैमासिकांत लेखकानें आपल्या पायाचें वर्णन करावें हें कोणास रुचेल? परंतु ती वगळली तर पुढील विचारास आधार राहत नाहीं.

गिरड हें समुद्रपूर तालुक्यांतील गांव. जवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचें स्थान असून हिंदु व मुसलमान दोन्ही समाज तेथें नवस फेडण्यास जातात. चार्लस ग्रँट यानें संपादिलेल्या मध्यप्रांताच्या १८७० च्या गॅझेटियरांत या टेकडीची कथा दिली आहे. दोन वाटसरू बंजारी व्यापाऱ्यांनीं फकिराची थट्टा केली. त्यानें त्यांचे नारळ वगैरे सर्व मालाचे दगड करून टाकले. त्यांनीं क्षमा मागितल्यावर वाळलेल्या पानांचा त्यांस नवा माल करून दिला, आणि ते त्याचे जन्माचे सेवक झाले. टेकडीवर विखुरलेले गोलसर खडे ते हेच. भूस्तरशास्त्राच्या दृष्टीनें ते काळ्या पाषाणाच्या पोकळींत जमलेल्या झिओलाइट खनिजाचे गोटे होत. फरीद १२४४ च्या सुमारास या टेकडीवर आले असें परंपरा सांगते. बाबा फरीद म्हणून जगप्रसिद्ध असलेल्या सत्पुरुषाची कबर पंजाबांत पाकपट्टण येथें आहे व त्यांचा मृत्यु १२६५ च्या सुमाराचा, तेव्हां गिरडचें स्थान व पाकपट्टणची कबर यांचा संबंध कसा लावावा हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो सोडविण्याच्या उद्देशानेंच आम्ही दोन वर्षांमागें वैशाखांत तेथें गेलों होतों.

आम्हांस मधुमेह जडून तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं. पायथ्याशीं वहाणा काढून ठेवा असें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं. स्थानाच्या आदरानें आम्हीं आपणहून काढल्या. त्यांत ग्रंथाचाही हात होता. चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायांत प्रमेही निर्धन व निराश्रित असेल तर त्यानें वहाण व छत्री यांवांचून, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत मुनीप्रमाणें शंभर योजनें किंवा अधिक चालावें असें सांगितलें आहे. (धनिकास मात्र कुस्ती, हत्ती, घोडा, रथ; रोग एकच असला तरी प्रायश्चित्त ऐपतीप्रमाणें.) योजन चार कोसांचें धरलें तर हे चारशें कोस होतात. आम्हीं टेकडीभर चालण्यास काय हरकत, अशा कांहींशा अभिमानानें आम्ही भर दुपारीं तापलेल्या खडकावरून वर गेलों, गोटे पाहिले, दोन टिपणें केलीं व उतरलों. पायांस कांहीं भाजलें असें वाटलें नाहीं. सोबतचा विद्यार्थी मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारीत होता, त्याचें आम्हांस हसूं आलें.

तिसऱ्या दिवशीं सून म्हणाली, “मामाजी, तुमच्या पायाचा ओला डाग फरशीवर उमटतो आहे.” पाहिलें तों डाव्या पायाच्या चवड्याखालीं दुसऱ्या बोटाच्या मुळाशीं फोड फुटून रुपयाएवढें क्षत झालेलें. वेदना शून्य. आम्हीं संहिता काढली. सूत्रस्थानाच्या त्याच तेविसाव्या अध्यायांत शुद्ध व्रणाचें लक्षण आहे : दोषांनीं न व्यापलेला, सम, स्राव नसलेला आणि ‘अवेदन’. त्यांतील अवेदन हें पद आम्हांस पुरेसें झालें. थोडा स्राव होता तो आम्हीं फोडाचा धरला, आणि व्रण शुद्ध आहे, आपोआप भरेल, असा निर्णय आमचा आम्हीं देऊन टाकला. मग निंबाच्या पाल्यानें धुणें, जात्यादि तेलाची पट्टी, आणि नित्याप्रमाणें सकाळचें फिरणें, असे अकरा दिवस गेले. गांवांतील एका चिकित्सकांस दाखविलें. त्यांनीं पट्टी बांधली, गोळ्या दिल्या व फिरण्यास मोकळीक दिली. बाराव्या दिवशीं दुर्गंधि आली. पाय सुजला.

पुढें जिल्ह्यांतील एका मोठ्या रुग्णालयांत एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं आमचा पाय मांडीवर घेतला. त्यांच्या हातांत नायलॉनचा एक जाड दोरा होता. त्या म्हणाल्या, “गुरुजी, डोळे मिटा, दोरा टेकला कीं हो म्हणा.” आम्ही डोळे मिटून वाट पाहत बसलों. बऱ्याच वेळानें, अजून आरंभ कां होत नाहीं म्हणून विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “झालें कीं. दहा ठिकाणीं टेकला.” त्या क्षणीं चरकाच्या यादींतला तो लहान शब्द आमच्यापुढें उभा राहिला.

एक बोट काढावें लागलें. पाय राहिला. हकीगत येथें संपवितों.

रुग्णालयांत पडल्या पडल्या आम्हीं चरकाचा चिकित्सास्थानांतील पंचविसावा अध्याय, द्विव्रणीय म्हणतात तो, पुन्हा वाचला. त्याच्या बारकाईनें कोणीही थक्क व्हावें. व्रणाचे वीस प्रकार, बारा दुष्ट, आठ स्थानें, आठ गंध, चौदा स्राव, सोळा उपद्रव, चोवीस दोष आणि छत्तीस उपक्रम. सुश्रुत तर त्याच नांवाच्या अध्यायांत उपक्रमांची संख्या साठावर नेतो व त्यांत लंघनापासून छेदन, शोधन, रोपण, धूपन, सवर्णीकरण आणि व्रणावर केंस पुन्हा उगविण्यापर्यंत सारें येतें. आजचा शल्यवैद्य मेलेलें मांस कापून काढतो, पू वाहूं देतो, व्रण धुऊन ओलसर झांकतो. यांतील तत्त्व त्या साठांत सांपडतें. परीक्षेचे मार्ग चरकानें तीन दिले : दर्शन, प्रश्न आणि स्पर्श. येथें आमचें बोट अडलें. हा स्पर्श वैद्याचा आहे. वैद्यानें हात लावून व्रण उष्ण कीं शीत, कठीण कीं मृदु हें जाणावयाचें. रोग्यास स्पर्श कळतो कीं नाहीं हें पाहण्याची परीक्षा त्या तिहींत नाहीं. डॉक्टरीणबाईंचा तो दोरा ही उणीव भरून काढतो. तो ठराविक जाडीचा असून दहा ग्रॅम भाराखालीं वाकतो. तेवढा भार तळव्यास जाणवला नाहीं तर पायाचें संरक्षक ज्ञान गेलें असें समजावयाचें. ज्यास तें नाहीं त्याच्या व्रणाचें ‘अवेदन’ असणें हें शुद्धतेचें लक्षण नसून संकटाचें आहे. सुश्रुताचें लक्षण खोटें ठरत नाहीं. जागृत त्वचेपुरतें तें खरें आहे. तें सुप्त त्वचेस लावणें ही चूक आमची.

तथापि प्राचीनांनीं येथवर किती पाहिलें होतें हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. चिकित्सास्थानाच्या बाराव्या अध्यायांत, प्रमेहपिडकांच्या प्रकरणीं, सुश्रुत म्हणतो कीं प्रमेह्यांच्या रसायनी दुर्बळ झाल्यामुळें दोष वर चढत नाहींत व म्हणून मधुमेह्यांस पिडका शरीराच्या खालच्या भागांत होतात. रसायनी म्हणजे आजच्या धमन्या, आणि सुश्रुतास पायाचा रक्तपुरवठा तुटणें ठाऊक होतें, असें लिहिणारे लोक आहेत. तो मोह आवरावा हें बरें. परंतु मधुमेह्याचें दुखणें अधःकायांत उतरतें व त्याचें कारण तेथील वाहिन्यांच्या दौर्बल्यांत शोधावें, एवढें निरीक्षण त्या वाक्यांत निःसंशय आहे. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायांत, चौदा प्रकारचे बंध सांगून झाल्यावर, कोणते व्रण बांधूं नयेत त्यांची यादी येते. आणि तेथें कुष्ठ्यांचे व्रण व मधुमेह्यांच्या पिडका पुन्हा शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. एकाच जोडीनें एका स्थानांत दोनदां एकत्र यावें, तेंही भिन्न प्रसंगीं, हा छंदाचा अपघात म्हणतां येत नाहीं. बांधण्याच्या निषेधाचें कारण काय असावें? बधिर अंगावर बंध आवळला तरी रोगी ओरडत नाहीं व खालचें मांस मरतें, असा अनुभव त्यामागें असावा असा आमचा तर्क आहे. तर्काहून अधिक वजन त्यास देऊं नये.

म्हणजे सुप्तता त्यांनीं दोन्ही रोगांत पाहिली, कृच्छ्रसाध्य व्रण दोन्ही रोगांत पाहिले, आणि दोन्ही रोगी एका ओळींत बसविले. पण बधिरपणामुळेंच व्रण होतो व त्यामुळेंच तो भरत नाहीं हा दुवा त्यांनीं जोडला नाहीं. सुप्तता पूर्वरूपांच्या यादींतच राहून गेली. तो दुवा जुळण्यास विसावें शतक यावें लागलें, आणि तो जुळला महारोग्यांच्या पायांवर. १९३० नंतरच्या दशकांत सिंहलद्वीपांत व हिंदुस्थानांत कांहीं वैद्यांनीं महारोग्याच्या तळव्याचा व्रण चालत्या प्लास्टरांत घालून बरा करण्याचा प्रयोग केला. १९४६ सालीं वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं हें काम पुढें नेलें व त्याचें मर्म स्पष्ट केलें. महारोग्याचें मांस कुजकें असतें म्हणून व्रण भरत नाहीं ही समजूत चुकीची. त्याचें मांस इतरांसारखेंच भरतें, परंतु दुखत नसल्यामुळें तो व्रणावरच चालत राहतो. प्लास्टर तळव्याचा भार सर्वत्र वांटून देतें, व्रणावरचा दाब हलका होतो, आणि जो व्रण वर्षानुवर्षें वाहत होता तो कांहीं आठवड्यांत मिटतो. ब्रँड १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कारव्हिल येथील महारोग-रुग्णालयांत गेले आणि तेथून हीच रीत मधुमेह्यांच्या पायांस लागूं झाली. आमच्या तळव्यास टेकलेला दोराही पायाच्या परीक्षेंत रूढ झाला तो त्याच कारव्हिलच्या द्वारें. सुश्रुताच्या श्लोकार्धांतली जोडी अशी पुन्हा एकत्र आली.

हा इतिहास वर्धा जिल्ह्यानें दुरून पाहिला नाहीं. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम उघडलें. महारोग्यांचे व्रण रोज धुण्यास त्या काळीं नातेवाईकही पुढें येत नसत. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यास १९५१ सालीं निघालें, व डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें घरोघर पाहणी, शिक्षण व उपचार ही पद्धत रूढ केली. यांत संस्कृतज्ञांस विशेष जवळचें नांव कै. दत्तात्रेय परचुरेशास्त्री यांचें. शास्त्रीबुवा संस्कृताचे पंडित. १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत असतांना गांधीजींशीं त्यांचा संबंध आला. महारोगानें शरीर व्यापल्यावर १९३९ सालीं ते सेवाग्रामास आले. गांधीजींनीं त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली, आणि त्यांचे व्रण धुणें व अंग चोळणें हें काम स्वतः करीत. आश्रमांत परचुरे कुटी आजही दाखवितात. पुढें शास्त्रीबुवा दत्तपुरास राहूं लागले व १९४५ सालीं तेथेंच निवर्तले. ज्या पंडितास सुश्रुताचा तो श्लोकार्ध सहज म्हणतां आला असता त्याच्याच अंगावर तो खरा ठरावा, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यानें वैद्यक न शिकतां परीक्षेचा तिसरा मार्ग, स्पर्श, असा उपयोगांत आणावा, हें चित्र आमच्या मनांतून जात नाहीं.

महारोग आतां औषधांनीं आटोक्यांत आला आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं बहुऔषधोपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता. पण श्लोकार्धांतला दुसरा रोगी वाढत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

राहतां राहिला अनवाणी चालण्याचा प्रश्न. ज्या वचनाच्या बळावर आम्ही टेकडी चढलों तें खरोखर ग्रंथांत आहे, परंतु तोच ग्रंथ चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत सदा पादत्राण घालावें, त्यानें पायाचे रोग टळतात, आणि अनवाणी फिरणें आरोग्य, आयुष्य व दृष्टि या तिहींस घातक आहे, असें स्पष्ट सांगतो. निदानस्थानाच्या तेराव्यांत तर खड्यांनीं घासलेल्या किंवा कांट्यानें विंधलेल्या पायास कदर, म्हणजे आपण कुरूप म्हणतों तें, होतें असें आहे. गिरडच्या खड्यांस हें वाक्य जसें बसतें तसें दुसऱ्या कोणास बसणार नाहीं. मग विरोधाचा परिहार कसा करावा? आमच्या मतें चोविसाव्या अध्यायांतील नियम सामान्य, नित्याचा. अकराव्यांतील विधि विशेष, आणि तोही ज्याच्याजवळ वहाण घेण्यास पैसा नाहीं अशा मनुष्यास उद्देशून. तेथें विधेय आहे तें चालणें. अनवाणीपण हा दरिद्र्याच्या स्थितीचा अनुवाद आहे, स्वतंत्र विधि नव्हे. मीमांसेचा हा प्राथमिक नियम आम्हीं तीस वर्षें मुलांस शिकविला आणि स्वतःच्या पायास लावावयाच्या वेळीं विसरलों. कोणी म्हणेल कीं मुनिवृत्तीचें अंग म्हणून अनवाणीपणही विधेयच आहे. तसा पक्ष घेतां येईल. परंतु ज्याच्या करपादांस सुप्तता आली आहे त्याच्यापुरता तो पक्ष आम्हांस मान्य नाहीं, व येथें ग्रंथापेक्षां आमचा डावा पाय अधिक प्रमाण आहे.

आतां आमच्या वाचकांस एक विनंति. आपणांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं जुनीं बाडें आहेत; त्यांत हिशेब, अष्टकें, मुहूर्त आणि मध्येंच एखादा मलमाचा पाठ असा सर्व काला असतो. मलमाचे पाठ आपण बहुधा उलटून टाकतों, कारण राळ, मेण, मोरचूद व शेंदूर यांपलीकडे त्यांत क्वचित् कांहीं असतें. यापुढें ते उलटण्यापूर्वीं व्रणाच्या पाठाशेजारीं पाय बधिर होणें, मुंग्या येणें, चटका न कळणें, वहाण पायांतून निसटली तरी न समजणें अशा अर्थाचा एखादा शब्द आहे काय तें पाहावें. कोणा अज्ञात वैद्यानें किंवा गृहस्थानें हा दुवा आपल्यापुरता जोडून ठेवला असेल तर तो अशा पानाच्या कोपऱ्यांतच सांपडेल. गिरडच्या स्थानाविषयींच्या सनदा किंवा इनामपत्रें कोणाजवळ असल्यास त्यांचीही प्रत हवी आहे, कारण फरीदांच्या कालनिर्णयाचें काम तसेंच राहिलें. मोडी असल्यास छायाचित्र पुरे; वाचून देण्यास आम्ही आहों, मात्र टेकडी चढून पाहण्याचें काम आतां दुसऱ्या कोणी तरी, वहाणा घालून, करावें लागेल.